कारलं नावाचा आवाज

आमच्या बेंजो पार्टीत कीबोर्डच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावायची पद्धत होती. कीबोर्डला एक छोटी काच असते, त्यात आता कुठला आवाज लावलाय त्याचा नंबर दिसतो. तो नंबर समोरच्या पार्टीने वाचला की पुढच्या मिरवणुकीत त्यांच्याकडे तोच आवाज. म्हणून पट्टी. पट्टी वाजवून झाल्यावर तिथे काढायची नाही, घरी जाऊन काढायची. मी तर घरी बायकोसमोरही काढत नसे. तिचा भाऊ भांडुपच्या एका पार्टीत ताशा वाजवायचा.

कोणी म्हणेल, एवढा संशय कशाला. मी म्हणतो, ज्यांच्याकडे चोरण्यासारखं काही नसतं तेच असं विचारतात.

मी घाटकोपरच्या भटवाडीतला. वडील सावंतवाडीकडून आले, मिलमध्ये लागले, मिल बंद झाल्यावर घरी बसले. माझं शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात काही दिवस बसलो होतो, पण मास्तर आणि मी एकमेकांना पटलो नाही. वाजवायला कोणी शिकवलं नाही, कानाने शिकलो. हा लेख मी बोललो आणि सुनेने लिहून घेतला. तिने मधे स्वतःचं काही घुसडलं नाही ना, हे शेजारच्या जाधवबाईंकडून वाचून घेतलंय. दोन ठिकाणी घुसडलं होतं, ते काढलं.

बेंजो पार्टीत पंधरा वर्षं काढून मी घरातच रेकॉर्डिंगची खोली केली. खोली म्हणजे पोटमाळा. भिंतींना गाद्या ठोकल्या, एक माईक, एक कंप्युटर. भजनी मंडळं यायची, हळदीची गाणी व्हायची, गणपतीची व्हायची, नगरसेवकांच्या वाढदिवसाचीही व्हायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंप्युटरला जोडायचा जो कीबोर्ड असतो त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो मुका. तो नुसता सांगतो, सा दाबला, जोरात दाबला, आता सोडला. आवाज तयार होतो कंप्युटरच्या पोटात. तिथे एक प्रोग्राम असतो, त्याला सिंथ म्हणतात. तो उघडला की पडद्यावर खुंट्याच खुंट्या दिसतात. एक खुंटी डावीकडे फिरवली की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो, उजवीकडे नेली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. एका खुंटीने एक सूर दुसऱ्या सुरावर घसरत जातो, सनईवाला नेतो तसा. दोन आवाज एकमेकांवर ठेवून त्यातला एक केसभर बेसूर केला की आवाज जाड होतो. कारण कोणाला माहीत नाही. मला तरी कोणी सांगितलं नाही.

यावर गिऱ्हाइकाला पटवायचं हे वेगळं काम. मुलुंडचे एक बुवा आले होते. त्यांना वीणा हवी होती, पण कंप्युटरमधून देवाचं वाजवायला मन घेईना. शेवटी त्यांनी आपलं उपरणं काढून पडद्यावर घातलं. मी उपरण्याखालून बघत वाजवलं. बुवा खूश. दुसरा एक वाढदिवसवाला आला, त्याला गाण्याच्या सुरुवातीला वाघाची डरकाळी पाहिजे होती. माझ्याकडे वाघ नव्हता. मी खालचा सूर घेतला, त्यात खरखर मिसळली. तो म्हणाला, "ही म्हैस आहे." मी म्हणालो, "साहेब, वाघ भाषण करून आला की असाच ओरडतो." घेऊन गेला.

तो सिंथ माझ्याकडे आला तो असा. कंप्युटर जोडून देणारा कुर्ल्याचा माणूस होता. मशीन लावून झाल्यावर म्हणाला, "गाण्याचं पण एक टाकलंय बघा त्यात. फुकटातलं आहे." फुकट म्हटल्यावर मला पहिला संशय आला. आठ दिवस मी ते उघडलंच नाही. मग एकदा उघडलं आणि दुसरं काही उघडायची गरजच राहिली नाही. आत साठेक आवाज भरून ठेवलेले होते. मी एकेक ऐकायचो, खुंट्या फिरवायचो, आणि पसंत पडला की त्याला भाजीचं नाव देऊन ठेवायचो. भेंडी, दुधी, पडवळ. ही माझी नवी चिकटपट्टी. नवं नाव टाकलं की जुनं पुसलं जायचं. तेच तर पाहिजे होतं. आणि चांगल्या आवाजाला मुद्दाम नावडती भाजी, म्हणजे चोराचा हात तिकडे जाणार नाही.

त्यातला एक होता कारलं. सनई नव्हे, पुंगी नव्हे, दोघींच्या मधलं काहीतरी, नाकातून रडणारं. कोळीगीतात दोन कडव्यांच्या मधे तो टाकला की मांडवातल्या बसलेल्या बायका उठायच्या. घाटकोपर ते माहुल, कुठेही वाजला की लोक म्हणायचे, हा सहदेवचा. तो मी आठ दिवस खपून बनवला होता. निदान वीस वर्षं मी असंच सांगत आलो.

आता हरेश्वरचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय.

हरेश्वर माहुलचा कोळी. गळा असा की माईक लांब ठेवावा लागायचा. माझ्या पोटमाळ्यावर त्याने सात वर्षं गाणी म्हटली. येताना फडक्यात बांधून बोंबील आणायचा, माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा. त्याला वाजवताही येत होतं, आणि म्हणूनच मी त्याला पडदा कधी दिसू दिला नाही. आवाज निवडायची वेळ आली की मी त्याला पाणी आणायला पाठवायचो. तो हसायचा. "सहदेव, तू मेलास ना, तर तुझ्या तिरडीवर पण पट्टी लावतील. कोण मेला ते कलायला नको."

मग त्याने स्वतःचा कंप्युटर घेतला. मला सांगून घेतला, हे खरं. पण माझ्या डोक्यात तेव्हाच किडा गेला. पुढच्या लगीनसराईत त्याच्या चुलतभावाच्या हळदीला मला बोलावणं होतं. मांडवाच्या बाहेरूनच ऐकलं. कारलं. हरेश्वर वाजवत होता आणि बायका उठल्या होत्या.

मी सरळ गेलो आणि त्याच्यापुढचा माईक उचलला. म्हणालो, "हा माणूस चोर आहे. माझ्या घरी जेवला आणि माझाच आवाज चोरला. याला कोणी काम देऊ नका." मांडव भरलेला होता. त्याची आई पुढेच बसलेली होती.

तो म्हणाला, "सहदेव, मी नाय चोरला. माझ्या मशीनमधी आधीपासून हाय तो."

"माझ्याकडे आठ दिवसांच्या मेहनतीने, आणि तुझ्याकडे आधीपासून? वा रे वा."

"अरे घरी ये, दाखवतो."

"चोराच्या घरी मी पाणी पीत नाही."

त्याने पुढे वाद घातला नाही. वायरी काढल्या, नीट गुंडाळल्या आणि चालत घरी गेला. स्वतःच्या भावाच्या हळदीतून. मी तेवढ्यावर थांबलो नाही. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत जेवढे रेकॉर्डिंगवाले होते त्यांना जाऊन सांगितलं. आमच्या धंद्यात चोर म्हटलेल्या माणसाला कोणी खोलीत घेत नाही. वर्षभरात त्याचं काम बंद झालं. कीबोर्ड विकला आणि कुर्ल्याला एका गोदामावर वॉचमन लागला. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

बायको तेव्हाही म्हणाली होती, "जावन बघून तरी येवचा. दाखवतंय म्हणता ना तो?" मी म्हणालो, तुझा भाऊ ताशावाला, तुला काय कळतं.

आता अलीकडचं. माझं रेकॉर्डिंग बंद होऊन बरीच वर्षं झाली. आजकाल मोबाइलवर गाणी होतात. पोटमाळ्यावर कंप्युटर चादरीखाली आहे. एक दिवस एक मुलगी आली. तिशीची असेल, मालाडची, नाव सायली, मालिकांना आणि जाहिरातींना संगीत देते म्हणाली. पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप. कोणाच्या तरी मोबाइलवर तिने आमचं जुनं कोळीगीत ऐकलं होतं, आणि एका भजनी मंडळाकडून माझा पत्ता काढला होता.

"काका, त्या गाण्यात मधे जो आवाज येतो ना, सनईसारखा, तो कशातून काढलाय?"

मी विचारलं, "तुला कोणी पाठवलं?"

"कोणीच नाही."

"मग कशाला आलीस?"

तिने सांगितलं, की आता नवे सिंथ इतके मोठे आणि इतके महाग झालेत, की सगळ्यांची गाणी एकसारखी वाजतात. म्हणून तिच्यासारखे काही लोक जुने, विसरलेले, फुकटातले सिंथ शोधून काढतात. ज्यांनी ते बनवले त्यांनी नाद सोडला, कोणी म्हातारे झाले, त्यांच्या वेबसाइट बंद पडल्या. पण कोणीतरी जपून ठेवलेलं असतं. ते पुन्हा वाजवून बघायचं. "त्यात असं काहीतरी असतं काका, जे नव्यात मिळत नाही."

मला एवढंच कळलं की इतकी वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला विचारायला कोणीतरी मालाडहून आलंय. अशा वेळी माणसाने आधी दाराची कडी बघावी. चहा सांगितला नाही. बायकोनेच आणून ठेवला.

"ऐकवतो," मी म्हणालो, "पण लॅपटॉप बॅगेत. मोबाइल बंद करून इथे ताटात ठेव. आणि वर पोटमाळ्यावर तू बसायचं भिंतीकडे तोंड करून."

"काका, मी काही ढापायला नाही आले."

"ढापणारे असंच म्हणतात."

ती हसली आणि खरोखर भिंतीकडे तोंड करून बसली. मशीन चालू व्हायला बराच वेळ लागला, आतून पंख्याचा आवाज गिरणीसारखा. पण झालं. मी कारलं काढलं आणि वाजवलं. हात अजून जातो. मधल्या सुरावरून वर घसरत नेला तेव्हा बायको खालून म्हणाली, "किती वर्षांनी."

सायली भिंतीकडे बघतच म्हणाली, "हा तो निळ्या पडद्याचा ना? उजव्या कोपऱ्यात छोटा मासा काढलेला?"

माझा हात तिथेच थांबला. मासा होता.

"माझ्याकडे आहे हा," ती म्हणाली. "मागच्या महिन्यातच मिळाला. पण हा आवाज मी त्यात ऐकलेला नाही. थांबा, सगळे कुठे ऐकलेत मी." मी नको म्हणेपर्यंत तिने लॅपटॉप काढला. एक, दोन, तीन, एकेक आवाज दाबत गेली. तेविसावा दाबला आणि तिच्या लॅपटॉपमधून माझं कारलं वाजलं.

मी म्हणालो, "खेचून घेतलंस ना? हवेतून. ब्लूटूथने."

"काका, तुमच्या मशीनला ब्लूटूथ नाहीये. त्याला इंटरनेटसुद्धा नाहीये."

"ते मला माहीत नाही. तुझ्या मशीनवर माझा विश्वास नाही."

"मग कोणाच्या मशीनवर आहे?"

हा प्रश्न मला पटला. आमच्या गल्लीच्या तोंडाला नितीनचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याचा कंप्युटर हिने जन्मात पाहिलेला नाही, आणि नितीनला संगीतातलं म्हणाल तर फक्त मोबाइलची रिंग कळते. मी तिला तिथे नेलं. लॅपटॉप माझ्या घरी, बायकोच्या ताब्यात. नितीन एका बाईचं आधार कार्ड लॅमिनेट करत होता. म्हणाला, "आबा, काय प्रिंट?"

"प्रिंट नाही. कंप्युटर दे जरा. मी सांगेन तेच ही दाबेल."

तिने माझ्यासमोर इंटरनेट उघडलं. जुन्या गोष्टी जपून ठेवणारी कुठलीशी जागा होती, तिथून फाइल उतरवली. एवढीशी फाइल, त्या बाईचं कार्ड मशीनमधून बाहेर यायच्या आत उतरली. दोनदा दाबल्यावर निळा पडदा उघडला. कोपऱ्यात मासा. मी म्हणालो, तेविसावा. तिने तेविसावा काढला आणि टाइप करायच्या बटणांवर बोट ठेवलं. नितीनच्या पत्र्याच्या स्पीकरमधून कारलं रडायला लागलं.

आधार कार्डवाल्या बाईने मागे वळून बघितलं. नितीन म्हणाला, "आबा, हे तुमचं कोळीगीतवालं ना? आवाज कमी करा, गिऱ्हाईक आहे."

पडद्यावर त्या आवाजाचं मूळ नाव होतं. सायलीने वाचून दाखवलं. नुसतं लीड, दोन. म्हणजे मुख्य सूर वाजवायचा आवाज, नंबर दोन. ज्याने सिंथ बनवला त्याने त्याला धड नावही दिलं नव्हतं.

मी तिला म्हणालो, खुंट्या बघू. आम्ही परत घरी आलो. या वेळी मी तिला पडदा दाखवला. माझ्या मशीनवरचं कारलं आणि तिच्या लॅपटॉपवरचा लीड दोन शेजारी शेजारी ठेवले. सोळा खुंट्या होत्या. पंधरा जिथल्या तिथे. एक खुंटी, सूर सोडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो त्याची, माझ्याकडे नखभर पुढे होती. बस. तेवढा मी.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. मी खुंट्या फिरवत होतो हे खरं आहे. पण त्या दुधीच्या असतील, पडवळाच्या असतील. जुनं नाव मीच पुसलं, आणि मग मलाच वाटायला लागलं की हा मी घडवला.

"हे तेव्हा आणखी कोणाकडे असेल?" मी विचारलं.

"कोणाकडेही, काका. तेव्हा कंप्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी यायची ना, त्यात असायचे असे प्रोग्राम. मशीन जोडणारे सगळ्यांच्या मशीनमध्ये टाकून द्यायचे."

हरेश्वरने मशीन कुर्ल्याहूनच जोडून घेतलं होतं. आधीपासून हाय, म्हणाला होता. घरी ये, दाखवतो, असंही म्हणाला होता.

सायलीने विचारलं, "काका, तुम्ही वाजवाल का माझ्यासाठी? आवाज माझ्याकडे आहे, पण तुम्ही तो घसरवता तसा मला येत नाही." मी नाही म्हणालो. त्या वेळी मला कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं. ती गेली. काही ढापून गेली नाही. मी तरीही ताट तपासलं.

बायको सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मगे आता माहुलाक जावा."

मी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो. हरेश्वर घरी होता, वॉचमनच्या शर्टाला इस्त्री करत होता. दारात मला बघून त्याने इस्त्री उभी ठेवली.

"काय हरवलं तुझं?"

"काही नाही हरवलं."

"मग कशाला आलास? तू आलास म्हणजे कायतरी हरवलं असणार."

मी सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, मासा, तेविसावा नंबर, सोळा खुंट्या. तो ऐकत होता की शर्टाची कॉलर बघत होता कळत नव्हतं. माझं संपल्यावर म्हणाला, "हे मला कशाला सांगतंस? मला तर ठावच हाय. मी चोरला नाय हे मला नवीन हाय काय?"

"चुकलं माझं."

"माझी आई गेली तवर तिला वाटायचं, पोरानं घेतला असल. तू इतका मोठ्यानं बोललास, तिला वाटलं खरा असल." त्याने इस्त्री परत उचलली. "ज्यांना सांगितलंस, त्यांना सांग. रविवारी पुतणीची हलद हाय. माईक असतो तिथं."

रविवारी संध्याकाळी गेलो. बायको बरोबर आली. डीजेवाल्याकडून माईक घेतला. म्हणालो, मी सहदेव, वीस वर्षांपूर्वी या गावात हळदीत मी हरेश्वरला चोर म्हटलं, ते खोटं होतं, त्याने माझं काही चोरलं नव्हतं.

मांडव भरलेला होता, पण माणसं ती नव्हती. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यातले बरेच गेलेले, काही गाव सोडून लांब राहायला गेलेले. पोरं मोबाइलवर होती. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नवरीला आशीर्वाद दिला. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "हा कोण गं? केटरिंगवाला काय?"

हरेश्वर मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो.

"बोललो," मी म्हणालो.

"ऐकला. हलू बोललास. तवा लय मोठ्यानं बोललेलास."

मी परत डीजेवाल्याकडे गेलो आणि माईक मागितला. तो म्हणाला, "काका, आता गाणं लागलं, आता नाही."

म्हणून इथे सांगतो. माहुलच्या हरेश्वरने माझा आवाज चोरला नव्हता. तो आवाज माझा नव्हताच. त्याने घरी येऊन बघ म्हटलं होतं, मी गेलो नाही. घाटकोपर, कुर्ला, मुलुंड, जिथे जिथे मी त्याला चोर म्हणून सांगितलं तिथे कोणी जुनं माणूस हा अंक वाचत असेल, तर त्याला माझं सांगणं आहे. हे एवढं मनात वाचू नका. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.